बंदुकीचं कुंकू

भिमाजी तात्यांच्या घरात दोन वस्तूंना कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. एक तात्यांचा चष्मा आणि दुसरी तात्यांची बंदूक. चष्म्याचं एकवेळ चालून जायचं. बंदुकीला मात्र कुणी नुसतं बोट लावलं तरी तात्या तेलाचं फडकं घेऊन धावायचे. माणसाच्या बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं आणि मीठ लोखंड खातं, हा धडा त्यांनी घरातल्या सगळ्यांना आणि आल्यागेल्या पाहुण्यांनाही ऐकवला होता.

ती त्यांच्या वडिलांची शिकारीची रायफल. शिकार बंद झाली, पण वणीजवळच्या त्या शिवारातली रानडुकरं थोडीच बंद होणार! मका दुधात आला की तात्या बांधावर जाऊन हवेत एक बार काढत आणि कळप ओढ्यापलीकडे पळे. बाकी वर्षभर बंदुकीला काम नसे, तरी तात्यांचं पुसणं चालूच. त्यांची बायको नवसाबाई तिला सवत म्हणायची. तात्या ओट्यावर तेलाची बाटली घेऊन बसले की आतून हाक यायची, "न्हाली का आमची सवत?"

दर दसऱ्याला मात्र या सवतीवर नवसाबाईचा हक्क असे. झेंडूची माळ घालून ती ओल्या कुंकवाचं बोट थेट नळीवर टेकवायची. तात्या दातओठ खात गप्प उभे राहायचे आणि तिची पाठ फिरली की कुंकू पुसून तेल लावायचे. तिला हे माहीत नाही अशी बिचाऱ्यांची समजूत होती.

मागच्या दसऱ्यानंतर निवडणूक लागली आणि नेहमीप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली. तात्यांनी नळीला भरपूर तेल चोपडलं, बंदूक कव्हरात घातली आणि नेऊन दिली. ती परत मिळायच्या आत नवसाबाई गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. पुढे बंदूक घरी आली, पण तात्यांनी कव्हरही न उघडता ती खुंटीला अडकवली. तेलाची बाटली हातात घ्यायचं त्यांच्या मनातच येईना.

मग नाशिकहून तपासणीचं बोलावणं आलं. तात्यांच्या डोळ्यांना आता लांबचं दिसेनासं झालं होतं, म्हणून परवाना सुनेच्या, स्नेहलच्या नावावर करायचा होता. त्यासाठीचं शिक्षण तिनं पुरं केलं होतं. बंदूक तपासणीत बाद झाली तर मात्र कायमची जमा होणार आणि वितळवली जाणार. मुलगा ललित म्हणाला, "जाऊ द्या ना तात्या. डुकरांना फटाके लावू." तात्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बंदूक घेऊन ओट्यावर बसले.

आधी कव्हर काढलं, मागचा बोल्ट काढून आत गोळी नाही याची खात्री केली. नळी उजेडाकडे धरून आतून पाहिलं. स्वच्छ होती. मग बाहेरून पुसायला नळी आडवी धरली आणि त्यांचा हात थांबला. सगळी नळी तेलानं काळीभोर, आणि गोळी बसते नेमक्या त्या जागेवर, जिथं बाराचा सगळा जोर येतो, तिथं बोटाएवढा लाल गंज.

तात्यांचा पारा चढला. "ठान्यात कुनीतरी तेल पुसलं अन् वला हात लावला. आत्ता जाऊन इचारतो एकेकाला."

ते पायात चपला सरकवू लागले तशी स्नेहल दारात आली. "तात्या, त्या लोकांना काय बोलू नका. ते आईंचं बोट हाय."

"दसऱ्याचं कुंकू मी पुसलं होतं."

"हे नंतरचं हाय. तुम्ही ठान्यात न्यायला निघाला, कपडे करत होता, तवा आईंनी कव्हरची चेन खाली वढली. तेलावर कुंकू बसंना म्हनून पदरानं तेल पुसलं. मला म्हनल्या, सवत असली तरी घरची सवाष्ण हाय, बिनकुंकवाची कशी धाडू? कुंकू लावून गेलेली परत घरी येती."

"अन् तू मला बोलली नाय?"

"त्याच म्हनल्या, त्यांना सांगू नको, लगेच पुसतील."

तात्या पुन्हा खाली बसले. बंदूक मांडीवर घेऊन त्यांनी ती लाल खूण डोळ्यांजवळ धरली. बायकोचं शेवटचं बोट होतं ते, आणि त्याला हात लावायचा त्यांना धीर होईना. पण गंजाला माया कळत नाही. ठेवला तर तो आणखी खोल जाणार, खोल गेला तर बंदूक बाद होणार, आणि बंदूक गेली तर ती परत यावी म्हणून नवसाबाईनं केलेलं सगळं फुकट. हे एकदा मनाशी पक्कं झाल्यावर ते थांबले नाहीत.

त्यांनी खुणेवर रॉकेलचा बोळा ठेवला, गंज मऊ होऊ दिला. मग बारीक तारेचा चोथा घेऊन नळीच्या लांबीला धरून घासायला लागले, आडवं एकदाही नाही. फडकं लाल होत होतं. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्याचा रॉकेलशी काही संबंध नव्हता. ते बाहीनं डोळे पुसत होते, थेंब नळीवर पडू देत नव्हते.

गंज गेला. खाली बोटाच्या आकाराचा एक उथळ खळगा राहिला. तात्यांनी त्यावरून नख फिरवून खोली पाहिली आणि वर तेल लावलं.

तपासणीच्या दिवशी निघताना त्यांनी स्वतःच कव्हरची चेन खाली केली. "स्नेहल, कुंकू आन. पान्यात नको, तेलात कालव."

तिनं त्या खळग्यातच बोट टेकवलं.

नाशिकला तपासणारा माणूस मुरलेला होता. त्यानं नळी आतून पाहिली, बोल्ट चालवून पाहिला, मग खळग्याशी थांबला.

"इथं काय झालं होतं?"

"बायकोनं कुंकू लावलं होतं."

"लगेच पुसायचं ना."

"दरसाली पुसायचो," तात्या म्हणाले. "यंदा तेवढं राहिलं."

त्या माणसानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि खळगा मोजला. वरवरचा होता. बंदूक पास झाली. परत देताना, चांगल्या मनानंच, त्यानं नळीवरचं कुंकू पुसायला फडकं उचललं. तात्यांनी त्याचा हात धरला.

"राहू द्या साहेब. ती घरी पोचली की मी पुसतो."