चमचाभर औषध

सोल्लालच्या, म्हणजे आमच्या कोरियन नववर्षाच्या, सकाळी तोक्कुकचा वाडगा रिकामा केल्याशिवाय नव्या वर्षात वय वाढत नाही, हे आमच्या हादोंग गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून माझी नात दावोन आदल्या दिवसापासून माझी पाठ सोडत नव्हती. फिट येतात म्हणून डॉक्टरांनी तिचा भात-साखर बंद केलेला, त्यामुळे तांदळाच्या चकत्यांचं ते सूप तिला वर्ज्य, आणि तिला तर आठ वर्षांची व्हायचं होतं. मार्चपर्यंत फिट आली नाही तरच शाळेत पाठवायचं, असं तिच्या आईने ठरवलं होतं. पाच महिने एकही आली नव्हती.

"आजी, मी सातचीच राहिले तर मला शाळेत कोण घेणार?"

"गप गं. तुझी आजी मेलेली नाही अजून."

मी अंड्याचा पांढरा भाग घट्ट वाफवला आणि सुरी तिरकी धरून चकत्या पाडल्या. सूपातल्या तांदळाच्या चकत्यांसारख्या, तोकसारख्या, अगदी हुबेहूब. सुनेने त्या काट्यावर ग्रॅम-ग्रॅम तोलल्या आणि वर इतकं तिळाचं तेल ओतलं, की बघूनच माझ्या घशाशी आलं. दावोनने वाडगा चाटूनपुसून संपवला.

हा आहार मला आधी पटलाच नव्हता. भाताशिवाय पोरीच्या अंगात जोर कुठून येणार, म्हणून मी सुनेशी महिनाभर अबोला धरला होता. शेवटी दावोननेच माझी शिकवणी घेतली. भात-साखर मिळाली नाही, की शरीर चरबी जाळायला घेतं. यकृत त्या चरबीचं वेगळंच जळण तयार करून मेंदूला पुरवतं, आणि त्या जळणावर तिच्या मेंदूत ठिणग्या उडत नाहीत. "तुझ्या जुन्या कोळशाच्या चुलीसारखं, आजी. विझू द्यायची नाही." मग मला समजलं. वीस हिवाळे मी ती चूल विझू दिली नव्हती, त्यात माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. लघवीत बुडवलेली पट्टी जांभळी झाली की चूल पेटलेली, एवढं मी लक्षात ठेवलं.

सणाच्या दिवशी मी पहाऱ्यालाच बसले होते. धाकट्या दिरांनी लाडाने खिशातून मधाची वडी काढली, तर त्यांच्या हातावर पळी हाणली.

एवढं तेल पोटात गेलेलं, दुपारी दावोनचं पोट दुखायला लागलं. सून पाहुण्यांना निरोप देत होती. मी पोरीला मांडीवर घेतलं, पोटावरून हात फिरवला आणि फडताळातल्या बरणीतून दोन मोठे चमचे मेसिल गरम पाण्यात घालून पाजलं. हिरव्या आंबट फळांचा तो पाक. पोट बिघडलं की आमच्याकडे घरोघरी हेच देतात. थोड्या वेळात पोर खेळायला लागली. डॉक्टरांना काय कळतंय, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

चार वाजता सुनेने पट्टी बघितली. जेमतेम गुलाबी.

"दावोन, तोक खाल्लंस?"

"नाही आई."

"खरं सांग, मी रागावणार नाही."

"अगं बोल की!" मीही आवाज चढवला. "आम्ही डोळ्यांत तेल घालून जपतोय आणि तू चोरून खातेस?"

पोर रडायला लागली. "खरंच नाही खाल्लं काही! आजीने औषध दिलं, तेवढंच."

"कसलं औषध, आई?" सुनेने मला विचारलं.

"औषध कसलं, आपलं मेसि..." जूनमध्ये ती बरणी मीच भरली होती. किलोभर फळं, किलोभर साखर. ओतताना सांडलेली साखर मी बोटाने टिपून खाल्लीही होती.

सुनेने दवाखान्यात फोन लावला. ठरलेलं जेवण चालू ठेवा, नजर ठेवा, फिट आली तर लगेच आणा, असं त्यांनी सांगितलं. आम्ही दोघी पोरीच्या दोन बाजूंना बसलो. ती चित्र रंगवत होती; तिचा रंगीत खडू थांबला की मी हाक मारायचे.

"दावोन!"

"काय गं आजी! मी विचारपण करू नको का?"

"चुकलं माझं," मी सुनेला म्हटलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

"तुम्ही औषध म्हणून दिलंत, आई," ती म्हणाली. तिने आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून हाक आली. "आजी, पेटली!" पट्टी वांग्यासारखी जांभळी होती. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

मग बरणी काढली, तिच्यावर कागद चिकटवला आणि दावोनच्या हातात पेन दिलं.

"तू लिही. आठ वर्षांच्या मुलीला लिहिता यायला हवं."

तिने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर गिरवत 'साखर' लिहिलं.

"खाली 'आजीचं औषध' लिहू?"

"नको," मी म्हटलं. "तेवढंच राहू दे."