वीस नटांची वीस कुलपं

चाकांना कुलूप लावावं की नाही, याबद्दल डेन्झिल ट्रेम्बाथला शंका कधीच नव्हती. शंका होती ती फक्त रंगाची. त्याची होल्डन गाडी त्यानं अकरा वर्षं खपून नव्यानं बांधली होती. रंग ताज्या वांग्याचा, आणि त्या रंगाशी तंतोतंत जुळेल अशी कुलपं त्याला हवी होती. दोन महिने हा गृहस्थ स्वयंपाकघरातल्या टेबलावर माहितीपत्रकं पसरून बसला होता. बायकोनं, लोरेननं, ठेवलेला चहा समोर निवून जायचा, आणि हा खिडकीशी जाऊन एकेक नमुना उन्हात धरून बघायचा. मुलीच्या लग्नात नवरदेवाकडेसुद्धा त्यानं इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

खरं तर चाकाला एक कुलूप पुरतं. चाक धरणाऱ्या पाच नटांपैकी एकच असा बसवायचा, की त्याला साधा पाना लागत नाही, त्याच्याच नक्षीची किल्ली लागते. तेवढ्यानंच चोर कंटाळतो आणि शेजाऱ्याच्या गाडीकडे वळतो. मूंटा गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पण शेजारच्या वॉलरू गावात कुणाच्या तरी गाडीची चारही चाकं गेली, गाडी विटांवर उभी सापडली. मग डेन्झिलनं ठरवलं, वीसच्या वीस नट कुलपाचेच लावायचे. पोलादाचे त्याला नकोत, ते म्हणे इस्पितळातल्यासारखे दिसतात. त्यानं निवडले ते ॲल्युमिनियमचे, हलकेफुल्ल, वर जांभळा रंग चढवलेले. दिसायला दागिना. ते चाक किती धरून ठेवतात हा प्रश्न त्याच्या डोक्यातच आला नाही, कारण ते दिसत नाही ना.

आणि हा प्रश्न विचारायला त्याला लांब जायची गरजही नव्हती. गावातलं टायरचं दुकान त्याच्या पोटच्या पोरीचं, केरेन्साचं. पंधरा वर्षं ती गव्हाचे ट्रक आणि ट्रॅक्टर यांची चाकं चढवत होती. निम्मा यॉर्क द्वीपकल्प तिनं आवळलेल्या नटांवर धावतो. शेजारच्या कडीनाची माणसं आपल्या गावातली दुकानं सोडून तिच्याकडे येतात. बाप मात्र कधी आला नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही. मोटार क्लबात तो म्हणायचा, की पोरगी कष्टाळू आहे हो, पण तिचे हात ट्रॅक्टरचे. हे वाक्य केरेन्साला तीन वेगवेगळ्या माणसांनी येऊन सांगितलं होतं. तिन्ही वेळा ती हसली होती आणि तिन्ही वेळा तिला ते लागलं होतं.

गाडीचे लाड काय वर्णावेत. बोअरच्या पाण्याचे डाग पडतात म्हणून ती पावसाच्या टाकीतल्या पाण्यानं धुवायची. त्यासाठी दोन बादल्या, एक साबणाची, एक हात खळबळायची, आणि त्यात चूक झाली तर लोरेनला बोलणी. चाकांच्या फटी कान कोरायच्या काड्यांनी साफ करायच्या. डिकीला आतून मखमल लावली होती, आणि जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांना ती मखमल दिसावी म्हणून जॅक, पाना, जादा चाक सगळं घरी काढून ठेवलेलं. लोरेननं आत बसायचं तर चपला काढून, टॉवेलवर. हीच बाई तीस वर्षं धान्याच्या गोदामावर उभी राहून घराचे हप्ते फेडत होती, पण गाडीत तिच्या बुडाखाली टॉवेल.

नवी चाकं आणि ती वांगी कुलपं बसवायला तो गाडी घेऊन ॲडलेड शहरात गेला, दोन तासांच्या वाटेवर. तिथल्या दुकानदारानं काम नीट केलं. वर एक कार्डही दिलं, की ऐंशी किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा आवळून घ्या. डेन्झिल दीडशेच्या वर किलोमीटर चालवत घरी आला आणि ते कार्ड त्यानं फ्रिजवर चुंबकानं लावलं, शोभेला.

केरेन्सानं ते शुक्रवारी वाचलं. ती आईला भेटायला आली होती. कार्ड वाचून ती तशीच बाहेर गेली आणि आपल्या व्हॅनमधून मापाचा पाना, नट किती आवळला ते दाखवणारा, घेऊन आली. डेन्झिल गाडीशी उकिडवा बसून चाक पुसत होता. वीसही कुलपांची एकच किल्ली त्याच्या गळ्यात, साखळीत. आंघोळीलाही ती निघत नसे. ती किल्ली मिळाल्याशिवाय केरेन्साला एका नटालाही पाना लावता येणार नव्हता.

"नवी चाकं जरा बसतात, मग नट सैल पडतो, पप्पा. दोन मिनिटांचं काम आहे."

"पान्यानं रंगावर पांढरं कडं उमटतं. रविवारचं बक्षीस होऊ दे, मग सोमवारी आवळत बस हवं तेवढं."

"रविवारी आई आणि टॅम्सिन बसणार आहेत त्यात."

"म्हणून तर ॲडलेडला नेली. तिथं शिकलेली माणसं आहेत."

टॅम्सिन म्हणजे केरेन्साची पाच वर्षांची मुलगी. आजोबांच्या गाडीतून मिरवायचं म्हणून ती आठवडाभर नाचत होती. केरेन्सानं तिला नको म्हणून पाहिलं, तर पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं आणि आजोबा म्हणाले, तुझी आई जळते आपल्यावर. पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. शनिवारभर दुकानात तिनं तीन माणसांवर उगाचच आवाज चढवला.

रविवारी मूंटाच्या मोठ्या रस्त्यावरून जुन्या गाड्यांचा फेरा निघाला. सकाळीच परीक्षकांनी भिंगं लावून गाड्या बघितल्या होत्या आणि डेन्झिलला पहिलं बक्षीस मिळालं होतं, चाकांसाठी. निळी फीत आरशाला बांधून, पांढरी पँट घालून, एक कोपर खिडकीबाहेर टाकून तो असा चालला होता, की जणू गाव ज्यांवर वसलं त्या तांब्याच्या खाणी यानंच खोदल्या. शेजारी लोरेन टॉवेलवर. मागं टॅम्सिन सगळ्यांना हात हलवत होती. गावात गाड्या माणसाच्या चालीनं जातात, पण शेवटच्या कोपऱ्यावरून वॉलरूचा रस्ता लागतो, सरळ आणि मोकळा, आणि तिथं हे सगळे म्हातारे बोनेटखाली काय आहे ते दाखवायला ताशी शंभरावर नेतात. दर वर्षी नेतात.

केरेन्सा बेकरीसमोर चहाचा कप घेऊन उभी होती. गाडी समोरून गेली तेव्हा तिला आवाज आला. टक. चाक फिरलं, पुन्हा टक. बँडच्या गलक्यात तो आवाज दुसऱ्या कुणाला कळला नसता, पण ती पंधरा वर्षं ते आवाज ऐकत आली होती. तिनं वाकून पाहिलं. पुढचं डावं चाक, तिच्या आईच्या पायांखालचं, वरच्या कडेला आत-बाहेर होत होतं, आणि पाच वांगी नटांपैकी एक जागेवरच नव्हता.

कप टाकून ती पळाली. गर्दीतून, बाबागाड्यांतून, खुर्च्या पाडत पळाली. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, फक्त तो कोपरा आणि मागच्या खिडकीतला तो हलणारा हात. ती हाका मारत होती, आणि डेन्झिलला वाटलं कौतुक करते आहे, त्यानंही हात हलवला. कोपऱ्याच्या अलीकडे ती गाडीला ओलांडून पुढं गेली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

त्यानं हॉर्न वाजवला. ती हलली नाही. लोक हसले, त्यांना वाटलं गंमत चालली आहे. मग त्यानं गाडी थांबवली, कारण पोरीला उडवलं असतं तर बोनेटला पोचा आला असता. माझं हे म्हणणं कुणाला कडू वाटेल, पण त्या वेळचं त्याचं तोंड ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा.

"लाज आहे का काही? सगळं गाव बघतंय."

केरेन्सा डाव्या चाकाशी गुडघ्यांवर बसली, दोन बोटांनी एक नट धरला आणि फिरवला. किल्ली नाही, पाना नाही, नुसत्या बोटांनी. बरणीचं झाकण फिरावं तसा तो फिरला आणि तिच्या तळहातावर आला. दुसराही आला. तिसरा दोन वेढ्यांवर होता. आता कुणी हसत नव्हतं. मागच्या गाडीतून क्लबाचा अध्यक्ष क्लेम बोएज उतरून आला होता, त्यानं टोपी काढली, मयताला काढतात तशी. आणखी शंभर पावलं, मग वॉलरूचा रस्ता.

डेन्झिल उतरला, फिरून आला, त्यानं चाक पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्यावर थांबला असता तर माणूस म्हणून वाचला असता. पण नाचता येईना अंगण वाकडं. त्यानं आजूबाजूच्या तोंडांकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "हिनंच सैल केलेत. शुक्रवारी पाना घेऊन आली होती. हिला बघवत नव्हतं."

केरेन्सा उठली. पण बोलली ती लोरेन, टॉवेलवर बसल्या जागेवरून, आवाज न चढवता.

"किल्ली तुझ्या गळ्यात आहे, डेन्झिल. रात्रंदिवस. वीस कुलपं तू लावलीस, तुझ्याशिवाय कुणाला ती उघडता येऊ नयेत म्हणून. मग सैल कुणी केली?"

गर्दीत कुणीतरी फसकन हसलं. डेन्झिलचा हात सदऱ्याच्या गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. मग त्यानं साखळी डोक्यावरून काढली. केरेन्सा समोर उभी होती, हाताच्या अंतरावर. तिचा पाना तिच्या व्हॅनमध्ये, व्हॅन बेकरीच्या बाजूला. तिनं नकळत हात पुढं केलासुद्धा. आणि या माणसानं तिच्या खांद्यावरून हात लांब करून ती किल्ली क्लेमपुढं धरली. क्लेम जन्मभर दूध विकत आला होता. त्याला स्वतःच्या गाडीत हवा भरायलाही केरेन्साकडे जावं लागत असे.

क्लेमनं दोन्ही हात खिशात घातले. "मला देऊ नकोस रे बाबा," तो म्हणाला, "शेजारी कोण उभं आहे ते बघ की."

डेन्झिलनं बघितलं नाही. केरेन्सानं पुढं केलेला हात मागं घेतला आणि पँटला पुसला. गाडीचं दार उघडलं. लोरेन खाली उतरली, सीट पुढं वाकवून तिनं टॅम्सिनला बाहेर घेतलं, आणि चपला हातात घेऊन अनवाणीच मुलीशेजारी येऊन उभी राहिली. टॅम्सिन विचारत होती, की फेरा संपला का. आजी म्हणाली, हो, संपला.

मागं गाड्यांची रांग खोळंबली होती, हॉर्न सुरू झाले होते. हवालदार येऊन म्हणाला, गाडी बाजूला घ्या, आणि चाक आवळल्याशिवाय ती हलवायची नाही. डेन्झिलनं डिकी उघडली. आत मखमल होती, दुसरं काही नव्हतं. मग केरेन्साकडे न बघता म्हणाला, पाना दे. तिनं व्हॅनकडे बोट दाखवलं, उघडीच आहे, घ्या. तो पांढऱ्या पँटीत सगळ्या गावादेखत बेकरीपर्यंत गेला आणि पाना घेऊन परत आला, तो मापाचा पाना, ज्याच्या मुठीवर आकडे असतात. चाकाशी बसला. किल्ली लावली. मुठीवरचे आकडे उलटसुलट फिरवून पाहिले. फार आवळले तर ते ॲल्युमिनियमचे दागिने पिचतील आणि कमी आवळले तर चाक जाईल, एवढं त्याला आता कळत होतं, त्यापलीकडे काही कळत नव्हतं.

तो खालीच बघत म्हणाला, "किती मापावर लावायचा हा?"

मुलीच्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं तिला काही समजून घ्यायला विचारलेला हा पहिला प्रश्न. दोन दिवसांपूर्वी विचारला असता तर ती त्या आनंदात त्याची गाडी डोक्यावर घेऊन वॉलरूपर्यंत गेली असती. आकडा तिच्या ओठांवर होता. तो तिला झोपेतही सांगता आला असता.

"ॲडलेडला फोन करा, पप्पा," ती म्हणाली. "तिथं शिकलेली माणसं आहेत. आज रविवार आहे, पण तुमच्यासाठी उघडतील."

लोरेन हसली. मोठ्यानं, पोट धरून हसली, आणि त्या हसण्यात बरंच जुनं काही होतं. क्लेमही हसला. हवालदारानं तोंड फिरवलं.

मग लोरेननं नातीचा एक हात धरला, केरेन्सानं दुसरा, आणि तिघी बेकरीकडे निघाल्या, बटाटा आणि खिमा भरलेली पेस्टी खायला. मागं डेन्झिल चाकाशी बसून होता, एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात फोन. पलीकडे फोन वाजत होता, आणि उचलत कुणी नव्हतं.