देवीच्या अंगठ्यातलं तांबडं तीर्थ

देवीच्या अंगठ्यातून तांबडा थेंब ओघळला आणि चिखलीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जमलेल्या गर्दीने एकदम "आईऽऽ" केलं. शिफ्ट सुटल्यावर युनिफॉर्मही न बदलता आलेले बाप्ये, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, सगळ्यांचे हात जोडलेले. नवनाथ महाराजांनी थेंब पाण्याच्या तांब्यात धरला, गुटख्याने रंगलेलं बोट घालून ढवळला आणि तेच बोट एकेकाच्या तोंडात द्यायला लागले. तेच बोट! एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या! दहावीतल्या दिव्याने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"मशीनला ऑईल, माणसाला आईचं रक्त!" महाराज गरजले. "कंपनी गॅरंटी देते दोन वर्षांची, माझी आई देते सात जन्मांची! सांगा मालोजीराव, पायाच्या मुंग्या गेल्या का नाही?"

"गेल्या की महाराज!" दिव्याच्या शेजारचे मालोजीकाका गहिवरले.

पंचाईत हीच होती. मालोजीकाका खोटं बोलत नव्हते. पुष्कळांना खरंच गुण आला होता.

आला नव्हता तो गणराजला, तिच्या पाच वर्षांच्या भावाला. तीन महिने तीर्थ पिऊन पोरगा पार पांढराफटक पडला होता. आता तर जिन्याच्या दोन पायऱ्या चढला की खाली बसायचा.

"सगळ्यांना गुण, ह्यालाच का नाही?" गणराजच्या तोंडातून काढलेलं बोट महाराजांनी थेट त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या दिव्याच्या आईकडे रोखलं. "हिच्या माहेरचं पाप! आणि पुन्हा सांगतो, सुई टोचलीत तर ही देवीआई लेकरू उचलून नेईल."

"म्या तर कवाच म्हनलं हुतं," कौशल्याबाई, म्हणजे दिव्याची आजी, फणकारली. आईने मान खाली घातली.

सकाळी दवाखान्यातही आईने अशीच मान खाली घातली होती. आजीला न सांगता ती आणि दिव्या गणराजला घेऊन गेल्या होत्या. डॉक्टर तनुजांनी रिपोर्ट समजावला. "आतड्याच्या शेवटी बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व पकडून आत घेणारे हात असतात, असं समजा. ते हात कसे बनवायचे हे एक जनुक सांगतं. याचं ते जनुकच बिघडलंय. दूध द्या, अंडी द्या, बी-ट्वेल्व्ह तसंच बाहेर जातं. सुईनेच द्यायचं, कायम. पण पोरगा ठणठणीत होईल." मग त्यांनी तपकिरी काचेची छोटी बाटली फोडली, सिरिंज भरली. आईला महाराजांचा इशारा आठवला आणि ती सुई न टोचताच गणराजला घेऊन बाहेर पडली.

दिव्या मात्र त्या सिरिंजकडे बघतच राहिली होती. आतलं औषध लालचुटुक होतं. अगदी देवीच्या रक्तासारखं!

आता ती उठली. "महाराज, मी मागच्या बाजूने पाया पडते हं."

"ए पोरी, तिकडं जायचं नाही!"

तोवर तिने देवीचं लुगडं वर केलंसुद्धा. पोकळ मूर्तीत सलाईनची बाटली लटकत होती, तिची नळी थेट अंगठ्यापर्यंत गेलेली. खाली तपकिरी काचेच्या फोडलेल्या बाटल्यांचा ढीग.

"पोरीच्या अंगात आलंय! बाहेर काढा तिला!"

"माझ्या अंगात काही आलेलं नाही," दिव्या त्यातली एक बाटली पुढे करत खणखणीत म्हणाली. "काका, तुम्ही कंपनीत क्वालिटी चेक करता ना? वाचा हे लेबल."

मालोजीकाकांनी बाटली उजेडात धरली. "बी-ट्वेल्व्ह... अरे, हे तर मेडिकलमध्ये मिळतं राव!" आणि ते पचकन थुंकले.

"तुमच्यात याचीच कमतरता असणार, म्हणून पायाला मुंग्या यायच्या. पाण्यातून का होईना, औषध पोटात गेलं, गुण आला. सकाळी आईने गणराजला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं; त्या म्हणाल्या, त्याचं पोट ते घेऊच शकत नाही. त्याला सुई हवी, आणि हा माणूस नेमकी तीच बंद करतो!"

"मंग पाप कुनाचं गं?" आजीचा आवाज एकदम बारीक झाला.

"कुणाचंच नाही, आजी. त्या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आली, एक बाबांकडून. दोन्ही बिघडलेल्या. म्हणजे निम्मं आपल्याच घरचं."

आजी सुनेजवळ जाऊन बसली. मग पदराने तिने गणराजचं तोंड खसाखसा पुसलं, ते बोट गेलं होतं तिथवर, आणि त्याला उचलून कडेवर घेतलं.

"चल गं विजयश्री. कुठं बसती तुझी डाक्टरीण?"

महाराज मागच्या दाराकडे सरकत होते. मालोजीकाकांनी त्यांचं उपरणं धरलं. "थांबा की! जादूटोणाविरोधी कायदा काय म्हणतो ते चौकीत बसून वाचू." तरीही दोघं-तिघं त्या तांब्याकडे आशेने बघत होतेच. किळस यावी ती याची!

संध्याकाळी सुई टोचली तेव्हा गणराजने अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला. एवढ्या जोरात तो कित्येक दिवसांत रडला नव्हता. आजीने त्याचे पाय घट्ट धरले होते आणि आईच्या पाठीवर एक हात ठेवला होता.

गुण आला म्हणजे चमत्कार झाला असं नसतं. कशाने आला ते विचारा, मूर्तीच्या मागे जाऊन बघा. आणि एखाद्या लेकराला गुण आला नाही, तर त्याच्या आईकडे बोट दाखवू नका. त्याला डॉक्टरकडे न्या.