शेजारणीचे सोंडे

इंद्रभानला किडे हवे होते, आणि अख्ख्या रोहिणखेडात एकाही घरी किडा नव्हता.

सन सहासष्टचा श्रावण. कणगीतल्या ज्वारीला पोखरणाऱ्या सोंड्यांवर तो पीएच.डी. करत होता. नागपूरहून गाइडसाहेबांचे पत्र आले होते: शनिवारपर्यंत चाळीस घरांचे नमुने आणा, नाहीतर विषय बदला. म्हणजे दोन वर्षे पाण्यात.

तीन दिवस तो बाटल्यांची पिशवी घेऊन हिंडला.

"काकू, ज्वारीत सोंडे आहेत का?"

"आमच्या घरी? कोनं सांगतलं तुले?" जनकाबाई कडाडल्या.

सत्यभामाबाईंनी तर दारच लोटले. "पोरीले पाहाले पावने येऊन राह्यले, अन् हा किडे इचारते!"

संध्याकाळी तो मावशीच्या, वच्छलाबाईंच्या ओसरीवर रिकाम्या बाटल्या मांडून बसला.

"काऊन बे, तोंड उतरलं?"

"मावशी, गावात सोंडेच नाहीत."

वच्छलाबाईंना हसू आवरेना. "अरे येड्या, बाईले तिच्या घरचे किडे इचारतात काय? शेजारनीचे इचार!"

सकाळी तो पुन्हा जनकाबाईंकडे गेला. "काकू, तुमच्याकडे नाहीत, हे ठाऊकच आहे. पण आळीत कोणाकडे असतील?"

जनकाबाईंनी सूप खाली ठेवले. "सत्यभामेच्या घरी पाह्य. तिची ज्वारी चालत चालत चक्कीवर जाते. पन माहं नाव सांगू नको."

नाव न घेता त्याने ते सांगताच सत्यभामाबाईंचा पारा चढला. "कोन म्हनलं? भर बाटली अन् दाखव तिले! एक जरी सोंडा निघाला तं!"

बाटली भरून तो ओट्यावरून उतरेपर्यंत सात सोंडे काचेवर चढले होते.

अशा रागारागाने शुक्रवारपर्यंत एकोणचाळीस बाटल्या भरल्या. चाळिसावी हातात धरून इंद्रभान मावशीसमोर नुसता चुळबुळत उभा राहिला.

"आता काय झालं?"

"एकच घर उरलं, मावशी. चौघींनी तेच सांगितलं."

वच्छलाबाईंनी त्याच्याकडे पाहिले. मग बाटली ओढून घेऊन त्या आत गेल्या आणि काठोकाठ भरून घेऊन आल्या. आत सोंड्यांची जत्राच होती.

"घे. पन कागदावर शेजारच्या रुख्मिनीच्या घरचे म्हनून लिही."

"मावशी, हे शास्त्र आहे. खोटं कसं लिहू?"

"मंग खरं लिही. पन माहं नाव नको."

इंद्रभानने बराच वेळ टाक चावला. नमुन्यांच्या त्या वहीत चाळिसाव्या ओळीत आजही लिहिलेले आहे: गाव रोहिणखेड, मालकीण शेजारीण.