रुमाल टाकून धरलेली जागा

माझा राग नाकावर असतो असं आमच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण आमचं काम तपासणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी भर बैठकीत आम्हाला ‘ट्रकवाले’ म्हटलं, तेव्हा मी मूग गिळून गप्प बसले. काय बोलणार? चूक आमचीच होती.

आम्ही लढाऊ विमानाच्या नाकात बसणारं रडार बनवतो. वरून खाली बघताना शेतं, घरं, टेकड्या, सगळ्यांवर आपटून लहरी परत येतात. त्या कोलाहलात खालून उडणारं विमान शोधायचं, तर परत आलेल्या लहरीचा सूर तपासावा लागतो. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा ऐकू येतो आणि लांब जाणारीचा उतरलेला, तसंच हे. जमिनीचा सूर ओळखून तो गाळून टाकायचा, मागे उरेल ते हलणारं. पहिल्या उड्डाणात आमच्या रडारनं मोठ्या ऐटीत एक लक्ष्य पकडलं. वैमानिकानं वाकून बघितलं, तर महामार्गावरून एक ट्रक भरधाव चालला होता. आता ट्रकही हलतोच की.

मग आम्ही गाळणी कडक केली. गाडीच्या वेगानं हलणारं काहीही दाखवायचं नाही. ट्रक गेले, पण दुसरंच दुखणं मागे लागलं. समोरचं विमान आडवं वळलं, की ते ना जवळ येतं ना लांब जातं. त्याचा सूर जमिनीसारखाच होतो, आणि ट्रकांबरोबर तेही गाळलं जातं. चांगलं धडधडीत विमान पडद्यावरून नाहीसं होतं. कसलेल्या वैमानिकांना ही युक्ती पाठ असते.

त्यावरचा उपाय मी काढला, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. विमान दिसेनासं झालं तरी त्याची जागा सोडायची नाही. ते आता कुठे असेल याचा अंदाज बांधून तिथे एक पोकळ चौकोन ठेवायचा आणि रडारनं तिथेच डोळे लावून बसायचं. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. अहवालात त्याला भारदस्त नाव आहे, पण आमच्यात सगळे रुमालच म्हणतात.

रुमाल कुठे पसरायचा यावरून मात्र जुंपली. सगळ्यांचं म्हणणं, विमान पुढे जातं, तेव्हा पुढेच बघावं. मी म्हटलं, मागेही बघायचं. आमचे गटप्रमुख वैतागले.

“अहो, अर्धा वेळ रिकाम्या आकाशात वाया जाईल. नेमकं तेवढ्यात पुढून निसटलं तर?”

“निसटलं तर माझ्या नावावर टाका,” मी म्हटलं. शेवटी त्यांनी हात टेकले.

शेवटच्या चाचणीत आमचं रडार लावलेल्या विमानानं दुसऱ्या एका विमानाचा माग अखेरपर्यंत सोडायचा नव्हता. सुटला तर आमचं रडार कायमचं बाद, आणि तयार रडार बाहेरून आणायचं, हे समितीनं आधीच बजावलं होतं. आमच्या सगळ्यांची उमेदीची वर्षं त्यात गेली होती. त्यात ते दुसरं विमान उडवणार होता माझा धाकटा भाऊ, बाळ्या. जमिनीलगत उडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून त्याला नेमलेला. अध्यक्ष स्वतः जुने वैमानिक. त्यांनी मला तोंडावरच विचारलं, “भाऊ बहिणीला हरवेल का हो?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या संध्याकाळी बाळ्या जेवायला आला, तेव्हा ताटावरच मी त्याला झापलं.

“उद्या हात राखून उडालास तर या घराची पायरी चढू नकोस.”

“ताई, लहानपणी मी कधी हात राखला होता का गं?” तो पोळीचा तुकडा मोडत म्हणाला.

नव्हता. लपाछपीत राज्य कायम माझ्यावर. मी एखादी जागा शोधून पुढे गेले, की हा पठ्ठ्या गुपचूप त्याच जागी जाऊन लपायचा, आणि मग मागून येऊन पाठीत धप्पा घालायचा. रडत रडत मी पुन्हा राज्य घ्यायची.

सकाळी नियंत्रण कक्षात मोठ्या पडद्यासमोर आम्ही सगळे जमलो. बाळ्या मुद्दाम महामार्गावरूनच आला, आम्हाला ट्रकांची आठवण करून द्यायला. रडार ढळलं नाही. मग तो आडवा वळला. ठिपका गेला, पोकळ चौकोन उरला.

“गेलं,” अध्यक्ष म्हणाले.

“नाही साहेब, जागा धरलीय,” मी म्हटलं. आणि चौकोनाच्या पुढच्या कडेला ठिपका उगवला.

तो पुन्हा आडवा झाला. पुन्हा ठिपका गेला. चौकोन पुढे सरकला, रुंदावला, पण पुढून काहीच येईना. गटप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. मला खात्री होती का? छे. इतक्या जणांची मेहनत माझ्या हट्टापायी मातीत जाणार, एवढंच डोक्यात होतं.

आणि चौकोनाच्या मागच्या कोपऱ्यात ठिपका उजळला. दिसत नव्हता तेवढ्यात बाळ्या उलटा फिरला होता, आम्ही नुकतंच बघून सोडलेल्या जागेकडे. रडारनं त्याला पकडलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

विमानं उतरल्यावर तो घामानं भिजलेल्या पोशाखातच कक्षात आला. अध्यक्षांनी त्याला दारातच अडवलं.

“खरं सांगा. बहिणीसाठी सोडलंत?”

“साहेब, मला जे जे येतं ते सगळं करून बघितलं,” तो म्हणाला. त्याचा चेहरा चांगलाच पडला होता. “नाही सुटलो.”

अध्यक्ष आमच्याकडे वळून म्हणाले, “हेच रडार बसवायचं. आणि ते ‘ट्रकवाले’ मी मागे घेतो.”

“राहू द्या साहेब,” मी म्हटलं, “आता गोड वाटतंय.”

सगळे हसले. माझा ऊर भरून आला होता, रडारसाठी आणि त्याहून जास्त या घामाघूम झालेल्या कार्ट्यासाठी. हरला होता, पण तसूभरही सोडलं नव्हतं त्यानं मला. तो सरळ माझ्या समोर येऊन उभा राहिला.

“मागून यायला जागाच ठेवली नाहीस, ताई,” तो म्हणाला आणि वळून माझ्यापुढे पाठ केली. “घाल धप्पा. आता राज्य माझ्यावर.”

मी त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर रडले. माझ्या रागाला भिऊन कोणी काही बोललं नाही.