वंगण लावलेला ब्रेक

मित्रांनो, शिरपूरजवळच्या एका मळ्यात निंबाखाली गंजत उभी असलेली जुनी मोटार म्हणजे मी. आज माझ्या गादीवर कोंबडी अंडी घालते. पण एके काळी मला पाहायला गाव गोळा व्हायचे.

माझा जन्म सातासमुद्रापार झाला. धुळ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याने मला मिरवले, दमवले आणि स्वराज्य आल्यावर काही वर्षांनी शालिग्रामभाऊंना विकले. भाऊ कपाशीचे शेतकरी. माणूस लाखमोलाचा, पण हातात पाना आला की कुणाचे ऐकायचा नाही. बैलगाडी त्यांनी जन्मभर घरीच दुरुस्त केलेली. त्यांच्या लेखी मीही बैलगाडीच, फक्त बैल पोटात घातलेली!

त्यांच्या लेकीच्या, मंदाच्या लग्नात व्याही सुकदेवआबांनी भरमांडवात टोमणा मारला होता, "मोटारवालानी पोर शे! आखाजीले मोटारमाच लई जावानं. बैलगाडी धाडी ते पोर भेटाव नही."

पहिली आखाजी, म्हणजे सासुरवाशिणींनी माहेरी येऊन झोके घ्यायची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आणि माझा ब्रेक करकरू लागला. पट्टे झिजले होते. मी ओरडून तेच सांगत होते. भाऊंनी चाके उतरवली, बैलगाडीला टांगलेले वंगणाचे नळकांडे आणले आणि ब्रेकच्या पट्ट्यांना एरंडेल चोपडले.

भाऊंच्या पत्नी धुरपदाबाई दारातून म्हणाल्या, "मिस्तरीले इचारा ना आधी! पोर नही उनी ते झोका कोनासाठे बांधू?"

"रडता चाकले तेल लागस, मिस्तरी नही," भाऊ म्हणाले.

करकर थांबली. भाऊंची छाती फुगली. जाताना रस्ता चढाचा होता, वाटेत ब्रेकची आठवणही झाली नाही. व्याह्यांच्या दारात मात्र त्यांनी ऐटीत ब्रेक दाबला. पण तेलकट पट्ट्यांनी मी थांबू कशी? स्वागताला आलेले सुकदेवआबा पागोटे सावरत बाजूला उडाले आणि मी कडब्याच्या गंजीत तोंड खुपसले.

"याही, मोटारले भूक लागनी व्हती का?" आबांनी कपडे झटकत विचारले. मग आवाज चढला. "हाई गाडी चालू करी ते आमनी सून बसाव नही!"

भाऊंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मंदा पदर सावरत पुढे झाली. "मामाजी, बोली मोटारनी व्हती. इंजिननी कोठे व्हती? बैल जुपा."

आबा पोट धरून हसले आणि आपलीच खिल्लारी जोडी माझ्यापुढे जुंपली. अशी मी मंदाला माहेरी घेऊन निघाले. ती राणीसारखी आत, आणि भाऊ मागून पायी, हातात दगड घेऊन. उतार आला की पळत येऊन चाकाखाली दगड घालायचे. गावोगावची पोरे हसली. पण निंबाला झोका बांधला गेला!

पुढे मिस्तरीने नवे पट्टे बसवले, मी आणखी काही वर्षे धावले. मग नव्या गाडीचे कौतुक सुरू झाले आणि मी इथेच उभी राहिले.

मित्रांनो, कुरकुर करणाऱ्याचे तोंड तेल लावून मिटवू नका. काय दुखते ते आधी विचारा; यंत्र असो की घरचे माणूस.

मंदा दर आखाजीला येते. झोक्यावर बसण्याआधी माझ्यावरून हात फिरवते, मग खाली वाकून बघते. चाकाखाली अजून तोच दगड आहे. भाऊंनी तो बदलू दिलेला नाही.