पाच सुया

जिवतीच्या डोंगरावरच्या सतरा गावांतल्या ढोरांना नानाजी एकटाच. सरकारी कागदावर तो पशुधन पर्यवेक्षक, पण लोकांच्या तोंडी डॉक्टर. आणि डॉक्टर म्हटला की सुई आलीच! ढोर लंगडो, खोको, नाहीतर नुसतं उदास उभं राहो, लोकांना हवी पिवळी सुई, म्हणजे जंतू मारणाऱ्या पिवळ्या औषधाची, अँटिबायोटिकची. नुसता सल्ला देऊन निघालं की मागून आवाज यायचाच, "याले काई येत नाई जी!" मग नानाजीही पंधरा वर्षं टोचत आला. कोण रोज वाद घालत बसेल?

अठ्ठ्याण्णव साली रुखमाबाईच्या म्हशीची कास सुजली. सुनेला दूध उतरलं नव्हतं, महिन्याभराची नात या म्हशीच्याच दुधावर. गावात दुसरं दुभतं ढोर नव्हतं. नानाजीला रोज एवढा घाट चढणं जमणार नव्हतं, म्हणून त्यानं रुखमाबाईचा दीर पोचू याला सुई टोचायला शिकवलं, पिवळीची बाटली हातात दिली आणि बजावलं, "रोज एक. पाच दिवस. मधी सोडायची नाई."

सातव्या दिवशी येऊन बघतो तर एक थान दगडासारखं, पिळलं तर नासल्यासारख्या गुठळ्या.

"पाची सुया मारल्या ना?"

"मारल्या ना जी," पोचू म्हणाला. "पाच ढोरं, पाच सुया."

म्हैस, दोन बैल, भाकड गाय आणि कालवड. सगळ्यांना एकेक! नानाजीनं कपाळावर हात मारला. "अरे बाबा, आजारी कोण होतं? बाकीच्याले काऊन?"

"एका गोठ्यातली ढोरं, डॉक्टर," रुखमाबाई समजावणीच्या सुरात म्हणाली. "एकीले द्याचं न बाकीच्यानं तोंड पाहाचं? पोळ्याले बी आमी साऱ्यायले सारखंच चारतो."

"न तुमी बी त असंच करत होते," पोचू म्हणाला. "कोणतं बी ढोर दिसलं का एक पिवळी."

नानाजीचा राग जिथल्या तिथे विरला. खोटं काय बोलला तो?

त्यानं स्वतः पाच दिवस घाट चढून सुया टोचल्या. काही उपयोग झाला नाही. दूध तपासायला नागपूरला पाठवलं, तर चिठ्ठी यायला बारा दिवस लागले. पिवळीपुढे लिहिलं होतं, या जंतूंवर चालत नाही. आणखी चार औषधांपुढेही तेच. एक चालणारं होतं, ते दवाखान्यात नव्हतंच. चंद्रपूरला फोन लावला तर म्हणे, मागणी लिहून पाठवा, पुढच्या महिन्यात बघू.

तो चिठ्ठी घेऊन पोचला तेव्हा तीन थानं गेली होती आणि चौथं तापलं होतं. आत नात रडत होती, सून तिच्या तोंडात तांदळाच्या पेजेचं बोट देत होती. नानाजीनं जमेल तसं सांगितलं की इतकी वर्षं टोचून टोचून जंतू पिवळीला सरावले, आता तिनं काही होत नाही, उलट टोचत राहिलं तर ते आणखी सरावतील.

रुखमाबाईनं सगळं ऐकलं. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "असं नका करू, डॉक्टर. आमचं चुकलं. आमच्यावर राग धरून सुई नका अडवू."

या माऊलीला काय सांगायचं? राग नाही गं बाई, औषधच संपलं, बाटली भरलेली असून संपलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? नानाजीनं पिशवी उघडली, पिवळी भरली आणि म्हशीच्या मानेत टोचली.

"आता दूध उतरंल ना जी?"

"उतरंल," नानाजी म्हणाला आणि मान खाली घालून सुई पुसत राहिला.